ही बाई आंबे मोजत का नाही?

यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेतला सीसॅट हा पेपर म्हणे नुसता पास व्हायचा असतो. 80 प्रश्न, 200 गुण, त्यातले 66 पडले की सुटलो. माझी पुतणी पुण्यात राहून त्याची तयारी करते आणि रविवारी आमच्याकडे जेवायला येते. पान उचललं की वही उघडते.

"काका, बँकेत होतात ना? मग हे सोडवा. एका बाईने आंबे दोन-दोन मांडले, एक उरला. तीन-तीन, चार-चार, पाच-पाच, सहा-सहा मांडले, तरी एकच उरला. सात-सात मांडल्यावर काहीच उरलं नाही. तर कमीत कमी आंबे किती?"

सहा वेळा मांडामांड करायला वेळ आहे, मग ही बाई आंबे सरळ मोजत का नाही? आणि इतकं हाताळलेला हापूस घेणार कोण?

"काका, लसावि काढा."

काढला. 60 आला. म्हणजे पाच डझन! इथे मात्र मी मांडी ठोकून बसलो, कारण पाच डझनी पेटी आपल्या ओळखीची. एकेक पेटी वाढवत जायचं, वर एक आंबा ठेवायचा आणि सातने भाग जातो का बघायचं. 61, 121, 181, 241 यांना जात नाही. 301 ला बरोब्बर गेला. पाच पेट्या आणि वर एक. तो वरचा एक व्यापारी चव दाखवायला कापतो, एवढंच.

"मी पर्यायांना सातने भागून बघितलं," पुतणी म्हणाली. "301 लाच जातो."

"मग मला लसावि कशाला काढायला लावलास?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

असली गणितं सोडवायची रीत आर्यभटाने 499 साली लिहून ठेवली, तीही वयाच्या 23 व्या वर्षी, हे मी तिला मुद्दाम ऐकवलं. "त्याला निगेटिव्ह मार्किंग नव्हतं," ती म्हणाली.

तेवढ्यात दादाचा फोन आला. दादा इंजिनिअर. तिने त्यालाही सोडलं नाही: 2 च्या 192 व्या घाताला 6 ने भागलं तर बाकी किती? दादाने वरखाली 2 ने काटलं, खाली 3 राहिले आणि ऐटीत "दोन!" म्हणाला. हा 2 पर्यायांत असाच गिऱ्हाईकाची वाट बघत बसलेला असतो. काटताना बाकीसुद्धा निम्मी होते, ती शेवटी 2 ने गुणून परत करावी लागते. खरं उत्तर 4.

"बाबा, तुमचे एक तृतीयांश गुण कापले."

"म्हणजे किती?"

प्रश्न अडीच गुणांचा. अडीचला तीनने भागायला घेतलं, तर 0.8333 च्या पुढे तीनावर तीन येतच राहिले. आयोगाचा स्वतःचा भागाकार संपत नाही आणि बाकी आम्हाला विचारतात!