सिंहाचा छाप नाही म्हणून? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. बॉस्टनचा अठराव्या शतकातला चांदीकारागीर पॉल रिव्हिअर याच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : ‘इंग्लिश चांदीवर सिंहाचा छाप असतो, याच्या भांड्यांवर नुसतं कारागिराचं नाव. शुद्धतेची खात्री नाही, मग एवढं कौतुक कशाला?’

तो छाप सरकारमान्य तपासणी कचेरीत मारत. अमेरिकन वसाहतींत अशी कचेरीच नव्हती. बॉल्टिमोरला झाली ती १८१४ साली, आणि १८३० पर्यंतच चालली. त्यामुळे कारागिराचं नाव हीच हमी. गिऱ्हाईक बरेचदा स्पॅनिश नाणी किंवा मोडीची भांडी घेऊन येई. ती तोलून वितळवायची, मजुरी वेगळी. म्हणून कस बहुधा ९० टक्क्यांच्या आसपास, स्टर्लिंगच्या, म्हणजे इंग्लिश प्रमाण चांदीच्या, ९२.५ हून थोडा खाली. एवढं तुमचं बरोबर. पण त्यावरून काम हलकं ठरत नाही.

रिव्हिअरचा १७६८ चा ‘सन्स ऑफ लिबर्टी’ (ब्रिटिश सत्तेला विरोध करणारी वसाहतवाल्यांची संघटना) वाडगा घ्या. वजन ४५ औंस, म्हणजे सुमारे १.४ किलो. असा वाडगा घडवताना चांदीची चकती लोखंडी ठोकणीवर धरून बाहेरून हातोडीनं, फेरी फेरीनं वर चढवतात. ठोकून ठोकून चांदी ताठर होते, मग मंद लाल होईपर्यंत तापवून ती मऊ करायची. हे तापवणं टाळत गेलं तर कड चिरू शकते आणि चीर खाली उतरत जाते. तळाच्या मध्यावर बारीक टोचा दिसला तर तो कंपासच्या टोकाचा. गोलाई त्यावरूनच मापत.

लेखात एक दुरुस्ती हवी. ‘सगळं ठोकून घडवलेलं’ असं मी लिहिलं, ते चूक. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धानंतरच्या त्याच्या बऱ्याच चहादाण्या लाटलेल्या पत्र्याच्या, सांधा डाखलेल्या आहेत.

शंका घ्यायचीच तर नावाच्या ठशावर घ्या. मोडक्या चमच्यावरचा खरा ठसा कापून दुसऱ्याच भांड्यात बसवलेला सापडतो. ठशावर तोंडाची वाफ सोडा : भोवती डाखाची रेघ क्षणभर उमटते, कारण डाखाचा रंग चांदीहून वेगळा. ओतीव नकलेत अक्षरांच्या कडा बोथट असतात, कधी बारीक छिद्रंही. ठसा वाचता यावा म्हणून पॉलिश मात्र घासू नका; अक्षरांच्या कडा झिजल्या की खऱ्याखोट्यातला हा फरकच पुसला जातो.