दुसऱ्या मजल्यावरचं ऑफिस आणि माझा मारुती रोडचा गाळा

गेल्या रविवारी आमचे धाकटे भाऊजी घरी आले, हातात ब्रोशर. व्हीआरएसचे पैसे आलेत, शिवाय माधवनगरकडचा प्लॉट विकलाय, आणि आता इथं सांगलीत शंभर फुटी रोडच्या बाजूला नवीन कॉम्प्लेक्स होतंय तिथं दुसऱ्या मजल्यावर ऑफिस बुक करायचं म्हणतायत. किंमत ४५ लाख. बिल्डर ताबा दिल्यापासून २४ महिने दरमहा ३० हजार भाडं स्वतः देणार, अगदी लेखी. "वहिनी, तुमचा गाळा आहे, तुम्हाला अनुभव आहे, टोकन देऊ का नको एवढंच सांगा." मी चहा ठेवला आणि म्हणलं भाऊजी, एवढंच सांगता यायचं नाही, बसा जरा. तीन तास बसलो. त्यातलं बरंच इथं लिहितेय कारण आमच्या ओळखीत जे जे रिटायर होतायत त्यातल्या निम्म्यांच्या डोक्यात सध्या गाळाच आहे.

आधी माझं सांगते. २०१५ च्या दिवाळीत आम्ही मारुती रोडच्या आतल्या बोळात एक गाळा घेतला, २१० स्क्वेअर फूट कार्पेट (म्हणजे भिंतींच्या आतली, प्रत्यक्ष वापरता येणारी जागा), खरेदीखत, वायरिंग, नवीन शटर सगळं धरून साडेएकवीस लाख. जानेवारी २०१६ पासून रेडिमेड कपड्यांचं दुकान आलं, भाडं १२ हजार. म्हणजे वर्षाला पावणेसात टक्क्यांच्या आसपास, शिवाय गाळ्याची किंमत वाढणार ती वेगळीच. साडेतीन वर्षं खरंच छान गेली. दुकान चालवणारा मुलगा महिन्याच्या पाच तारखेला स्वतः घरी येऊन पैसे द्यायचा, "बाई, पाणी द्या" म्हणून बसायचा, दुकानातलं कायकाय सांगायचा.

मग ऑगस्ट २०१९. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ च्या वर गेलं. ज्यांनी ते बघितलंय त्यांना मी काय सांगू. पाणी ओसरल्यावर आम्ही गेलो तर शटर वर जाईना, आत चिखल, आणि राखीपौर्णिमा-गणपतीसाठी भरलेला सगळा माल, लहान मुलांचे फ्रॉक, शर्ट, काळे गोळे होऊन पडलेले. तो वास अजून आठवतो. त्या मुलाकडं भाडं कुठल्या तोंडानं मागणार? चार महिने सोडले. तो सावरतोय तोवर मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन. तीन महिने शून्य, पुढचे तीन महिने निम्मं, आणि सप्टेंबर संपताना त्यानं किल्ली आणून दिली. डिपॉझिट परत देताना तोही रडला आणि मीही. नंतर १५ महिने गाळा रिकामा. मध्ये जुलै २०२१ ला पाण्यानं परत ५० फूट ओलांडलं, त्या आठवड्यात एक पार्टी जवळजवळ ठरलेली होती, तिनं फोन उचलणं बंद केलं. जानेवारी २०२२ ला दुसरा भाडेकरू मिळाला तो साडेनऊ हजारांवर, आता कुठं साडेअकरा झालंय.

परवा भाऊजींसमोर वही काढली. दहा वर्षांचे १२० महिने, त्यातले २२ महिने एक रुपयाही आला नाही. आलेलं भाडं साधारण पावणेअकरा लाख. घरपट्टी (गाळ्याची घरपट्टी घरापेक्षा चढी असते हे विसरू नका), पुरानंतरची दुरुस्ती, एजंटची दलाली सगळं वजा केलं तर हातात आठ लाखांच्या आसपास. साडेएकवीस लाखांवर वर्षाला पावणेचार टक्के पडले. त्या काळात बँकेच्या एफडीवर साधारण साडेपाच ते सात टक्के मिळत होते. एजंट म्हणतो आता गाळ्याचे ३० लाख येतील, पण चेकबुक घेऊन आलेला एकही माणूस मी अजून बघितलेला नाही.

तरी मी गाळा वाईट म्हणणार नाही. माझ्या एका मैत्रिणीचा विश्रामबागला गाळा आहे, त्यात १४ वर्षं एकच मेडिकल आहे, रॅक, फर्निचर, एसी सगळं त्याच्या खर्चानं, ॲग्रीमेंट दर वेळी वेळेवर रिन्यू, त्या भाड्यावर तिच्या मुलाचं इंजिनिअरिंग झालं. घराचं भाडं बघा त्याउलट, आमच्या शेजारचा ४० लाखांचा फ्लॅट नऊ हजारांनी जातो आणि भाडेकरू सोडून गेला की रंग मालकानं द्यायचा. दुकानदाराचं एकदा बस्तान बसलं, गिऱ्हाईक जोडलं गेलं की तो सहजासहजी हलत नाही, गाळ्याची खरी ताकद ही आहे. शिवाय इन्कम टॅक्समध्ये घरपट्टी वजा करून उरलेल्या भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, प्रत्यक्षात खर्च केला असो वा नसो, वर कर्जाचं व्याज असेल तर ते वेगळं.

पण हे सगळं तळमजल्यावरच्या, रस्त्याला तोंड असलेल्या, पाणी न येणाऱ्या गाळ्याचं झालं. भाऊजींचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, बांधकाम चालू, आणि ५०० स्क्वेअर फूट म्हणतायत ते सुपर बिल्टअप (जिना, लॉबीचा वाटा धरून), कार्पेट विचारलं तर २९०. मग आम्ही हिशोब मांडला. ४५ लाखांवर १२ टक्के जीएसटी म्हणजे ५ लाख ४० हजार, आणि भाऊजींचं जीएसटी रजिस्ट्रेशन नाही त्यामुळं त्याचं क्रेडिट मिळणार नाही, म्हणजे भरलेला जीएसटी पुढं वळता करून घेता येणार नाही, गेले ते गेले. स्टॅम्प ड्युटी ६ टक्के, २ लाख ७० हजार. रजिस्ट्रेशन ३० हजार. (जाऊबाईंच्या नावानं घेतलं तर एक टक्का वाचेल असं कुणीतरी सांगितलेलं, पण ती सवलत राहत्या घराला आहे, ऑफिसला नाही.) बेरीज ५३ लाख ४० हजार. वर्षाचं ३ लाख ६० हजार भाडं ४५ लाखांवर ८ टक्के दिसतं, ५३ लाखांवर पावणेसातच होतं.

आणि ते हमीचं भाडं. शेजारच्याच जुन्या बिल्डिंगमध्ये तेवढंच ऑफिस, कंप्लिशन झालेलं म्हणजे जीएसटी नाही, ३६ लाखांना मिळतंय, मी स्वतः फोन करून विचारलं. म्हणजे बिल्डर ९ लाख जास्त घेणार आणि त्यातले ७ लाख २० हजार दोन वर्षांत भाडं म्हणून आपल्यालाच परत देणार. भाऊजी बराच वेळ गप्प बसले. पंचविसाव्या महिन्याला तिथं ३० हजार देणारा भाडेकरू कोण आहे, याचं उत्तर ब्रोशरमध्ये नाही.

कमी पडणारे २० लाख कर्ज काढायचं ठरलेलं. साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांचा हप्ता २७ हजार होतो. ३० हजार येणार, २७ जाणार, छान जमतंय असं वाटतं. पण ऑफिस रिकामं पडलं तर हप्ता थांबत नाही, घरपट्टी थांबत नाही, सोसायटीचा मेंटेनन्स थांबत नाही आणि भाऊजींना पेन्शन नाही. माझे २२ महिने मी निभावले कारण कर्ज नव्हतं आणि माझी पेन्शन चालू होती. यावर मी त्यांच्याशी चक्क भांडले.

प्लॉटच्या नफ्याचंही त्यांना कुणी नीट सांगितलेलं नव्हतं. त्यांना वाटत होतं एक प्रॉपर्टी विकून दुसरी घेतली की टॅक्स वाचतो. प्लॉट विकून राहतं घर घेतलं तर इन्कम टॅक्समध्ये सूट बसू शकते, ऑफिस किंवा गाळा घेतला तर नाही. सीएकडं जाऊन या म्हणलं, टोकन द्यायच्या आधी.

अजून एक गोष्ट जी मला स्वतःला फार उशिरा कळली. माझ्या एका सहकारी बाईंचा भाडेकरू मुदत संपून गेली तरी गाळा सोडेना. ॲग्रीमेंट रजिस्टर होतं, त्यांना वाटलं सक्षम प्राधिकाऱ्याकडं अर्ज केला की काम होईल. वकील म्हणाले महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ ची ती झटपट वाट फक्त राहण्यासाठी दिलेल्या जागेला आहे, दुकानासाठी दावाच लावावा लागेल. पाच वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढल्या त्यांनी, भाडं बंद ते बंदच. म्हणून भाडेकरू निवडताना दोन हजार कमी आले तरी चालतील पण माणूस माहितीतला बघा, सहा महिन्यांचं डिपॉझिट घ्या, लॉक-इन (ठरलेल्या मुदतीआधी जागा सोडायची नाही ही अट) लिहून घ्या. ऑक्टोबर २०२४ पासून भाडेकरू जीएसटीत रजिस्टर असेल (छोट्या व्यापाऱ्यांच्या कंपोझिशन योजनेत नसेल) आणि आपण नसू तर भाड्यावरचा १८ टक्के जीएसटी त्यानं भरायचा असा नियम आलाय, तेव्हा तो कुणी भरायचा हेही ॲग्रीमेंटमध्ये स्पष्ट असू दे, मागाहून भाड्यातून कापायला बघतात. आणि गाळ्याच्या विम्यात पुराचं कव्हर आहे का हे पॉलिसी उघडून बघा. आमच्याकडं २०१९ ला विमाच नव्हता.

भाचा म्हणतो आत्या, एवढं करण्यापेक्षा आरईआयटी घे, म्हणजे भाड्यानं दिलेल्या मोठ्या इमारती सांभाळणाऱ्या ट्रस्टचे शेअरबाजारात मिळणारे युनिट. २०१९ मध्ये आपल्याकडं पहिलं लिस्ट झालं, मोठमोठ्या ऑफिस पार्कचं भाडं थोड्या पैशात मिळतं, वाटता येण्यासारख्या रकमेतली ९० टक्के वाटावीच लागते, आणि नको झालं तर विकता येतं. भाव शेअरसारखा खालीवर होतो हे खरं. मी थोडे घेतलेत. भाऊजींना ते पटत नाही, त्यांना किल्ली हातात पाहिजे, आणि ते मी समजू शकते, मलाही २०१५ ला किल्लीच पाहिजे होती.

माझं त्यांना सांगणं एवढंच की घ्यायचंच असेल तर निम्म्याच पैशात, कर्जाशिवाय, तयार आणि तळमजल्यावरचा छोटा गाळा बघा, २०१९ ला तिथं पाणी कुठवर होतं हे शेजारच्या दुकानदाराला विचारा, आणि दोन वर्षं रिकामा राहिला तरी घर चालेल एवढं बँकेत ठेवा. टोकन त्यांनी अजून दिलेलं नाही. शनिवारी संध्याकाळी सात वाजता आम्ही दोघं त्या शेजारच्या बिल्डिंगसमोर उभं राहून दुसऱ्या मजल्यावर किती दिवे लागलेत आणि जिना चढून किती माणसं जातायत ते मोजणार आहोत. त्या बाजूला वरच्या मजल्यावर कुणाचं ऑफिस असेल तर खरं भाडं किती येतंय आणि किती महिने रिकामं होतं ते प्लीज कमेंटमध्ये नाहीतर इनबॉक्सला सांगा, शनिवारच्या आत सांगितलंत तर फार बरं होईल.