विंचू, दंश आणि कंस

कोकणातील विंचूदंशावरच्या माझ्या प्रबंधासाठी आधीचे संशोधन दोन दिवसांत शोधून काढा, असे मार्गदर्शक मॅडमनी सांगितले, तेव्हा त्यातला एक दिवस मी मनातल्या मनात झोपेसाठी राखून ठेवला. पबमेड हे वैद्यकीय लेखांच्या नोंदींचे संकेतस्थळ १९९७ पासून सर्वांना फुकट आहे, त्यात साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत आणि मला हव्या होत्या फार तर चाळीस-पन्नास. एवढ्या भरल्या दुकानात एवढासा माल मिळायला वेळ तो कितीसा लागणार?

आधी नुसते 'स्कॉर्पियन' असे टंकले. विंचवाच्या विषातील प्रथिने पेशींच्या पोटॅशियम वाहिन्यांशी कशी वागतात, यावरचे निबंध पानांमागून पाने येत राहिले. ज्याला विंचू चावला, तो माणूस मात्र त्यांत क्वचितच भेटे. मराठीत विंचू चावतो आणि इंग्रजीत नांगी मारतो, हे ध्यानात घेऊन मी मग 'स्कॉर्पियन अँड स्टिंग ऑर बाइट अँड इंडिया' अशी मोठी हुशारीची ओळ लिहिली, आणि पडद्यावर पिसाळलेली कुत्री, साप, डास यांच्यासह देशभरातील दंतवैद्य अवतरले, कारण दातांवर दात बसण्यालाही इंग्रजीत बाइटच म्हणतात.

"कंस कुठे आहेत?" ग्रंथपाल काकांनी खांद्यावरून डोकावून विचारले. कंस नसले की ते यंत्र डावीकडून उजवीकडे जसे येईल तसे वाचत जाते. पुराणात कंस असल्यामुळे अनर्थ झाला होता. इथे तो नसल्यामुळे झाला.

काकांनीच मग 'मेश' दाखवले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची ही शब्दसूची १९६० पासूनची. घरात मुलाला बंड्या म्हणा की बाळ्या, रेशनकार्डावर नाव एकच असते; तसे लेखकाने काहीही लिहिले, तरी नोंद 'स्कॉर्पियन स्टिंग्ज' याच नावाखाली लागते. ताज्या लेखांना मात्र कधीकधी हे नाव मिळायचे असते, म्हणून बंड्यालाही हाक मारावी लागतेच.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचा विंचूदंशावरील प्राझोसिन या औषधाबद्दलचा, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातील १९८६ चा लेख आडनावावरून चटकन सापडला. (हेच एखाद्या पाटील एस. यांना शोधायचे असते, तर पडद्यावर अर्धा महाराष्ट्र जमला असता.)

तिसऱ्या दिवशी सायंकाळी त्रेचाळीस नोंदी मॅडमपुढे ठेवल्या. "छान. आता हेच एम्बेसमध्ये करा," त्या म्हणाल्या. एम्बेस म्हणजे अशाच नोंदींचे दुसरे दुकान.

"तिथली शब्दसूची वेगळी आहे," असे म्हणत काकांनी खुर्ची जवळ ओढली.