‘ग्रे वॉटर म्हणजे नुसतं साबणाचं पाणी’: या फॉरवर्डला उत्तर

थंडी पडली की ॲरिझोनातल्या आमच्या मराठी ग्रुपवर एक मेसेज हमखास उगवतो. आरव्ही, म्हणजे आत झोपण्याची, स्वयंपाकाची, टॉयलेटची सोय असलेली गाडी, घेऊन वाळवंटात राहायला निघालेल्यांसाठी, म्हणजे जिथे वीज, नळ, गटाराची जोडणी काहीच नाही अशा जागी, त्यात चार सल्ले आहेत. ग्रे वॉटर, म्हणजे सिंकचं आणि आंघोळीचं सांडपाणी, झाडाखाली सोडा, ते नुसतं साबणाचं पाणी, आणि सरकारी जमिनीवर चालतं. टॉयलेटमध्ये पाणी बेताने वापरा, म्हणजे ब्लॅक टँक, टॉयलेटचा मैला साठतो तो, भरणार नाही. निघताना त्यात पिशवीभर बर्फ ओता, टँक घासून निघेल. उरलंसुरलं घरी येऊन रिकामं करा. लिहिणाऱ्याने हातमोजे घालून टँक कधी रिकामा केला असेल असं वाटत नाही.

साबणाचं पाणी? आपल्या सिंकमधून आमटीचं पातेलं विसळलेलं पाणी जातं. तेल, हळद, खोबऱ्याचा चोथा, भाताची शितं. बंद टँकमध्ये हे दोन दिवस उन्हात तापलं की सिंकच्या जाळीतून जो वास वर येतो, त्यापुढे टॉयलेट परवडलं. तेच झाडाखाली ओतलं तर संध्याकाळपर्यंत मुंग्या आणि माश्या, रात्री उंदीर.

‘चालतं’ हे मात्र अर्धं खरं आहे, म्हणूनच ते इतकं पसरलं असावं. सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय खात्याच्या, म्हणजे बीएलएमच्या, नियमात गाडीतून सांडपाणी सोडायला बंदी आहे आणि धुण्याचं पाणी तिला अपवाद आहे. पण त्याच बीएलएमच्या क्वार्ट्झसाइट गावाजवळच्या ला पोसा तळावर, जिथे हिवाळाभर हजारो आरव्ही उभ्या असतात, ग्रे वॉटर जमिनीवर सोडायला साफ मनाई आहे. गाडीला सांडपाण्याचा किमान 10 गॅलनचा, म्हणजे 38 लिटरचा, पक्का बसवलेला टँक नसेल तर तिथल्या मोकळ्या जागेत मुक्कामच करता येत नाही. नॅशनल फॉरेस्टच्या नियमात तर सांडपाण्याचं नाव घेऊन लिहिलंय की ते बाहेर न्या किंवा ठरवून दिलेल्या जागीच टाका. त्यावर राज्याचे आणि काउंटीचे नियम वेगळेच. एकाच प्रवासात तीन प्रकारच्या जमिनी लागतात, तेव्हा उभे आहात ती कोणाची एवढं तरी बघा.

सगळ्यात घातक सल्ला दुसरा. ब्लॅक टँकला पाणी हवंच असतं. पाणी कमी पडलं किंवा टँक रिकामा करायचा व्हॉल्व्ह उघडा राहिला की पातळ ते वाहून जातं, घट्ट ते टॉयलेटच्या बरोबर खाली साचून वाळतं, आणि त्याचा ढीग होतो. तो मग नुसत्या पाण्याने हलत नाही. म्हणून व्हॉल्व्ह बंद, टँक निदान दोन तृतीयांश भरू द्यायचा, आणि रिकामा केल्यावर लगेच दोन-तीन गॅलन पाणी आत. टॉयलेटमध्ये मगाने पाणी घेण्याची आपली सवय इथे चक्क उपयोगी पडते. काटकसर करायची ती सिंकमध्ये: ताटं आधी कागदाने पुसा, मग धुवा.

बर्फ पाण्यावर तरंगतो. तळाचं तो काय घासणार?

घरच्या गटारात रिकामं करणं काही गावांत चालतं, काहींत नाही. आधी पालिकेला विचारा.

आठवडाभर राहायचं तर काय? ला पोसाला डंप स्टेशन, म्हणजे टँक रिकामे करायची जागा, आहे. आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुतला जातो. पाइप धुण्याचा नळ वेगळा असतो, त्याचं पाणी प्यायच्या टाकीत भरू नका. गाडी जागेवरून हलवायची नसेल तर चाकांची टाकी मिळते, तिला टोट म्हणतात. 25 गॅलन भरली की आतल्या पाण्याचंच वजन 95 किलोच्या आसपास होतं, उचलायचा विचारही करू नका.

टोटची खरी गोम पाइपात आहे. तीन इंची, दहा फुटी पाइपात जवळजवळ 14 लिटर मावतं. टोट काठोकाठ भरल्यावर मी व्हॉल्व्ह बंद केला आणि खूश झालो. पाइपातलं जायचं राहिलंच होतं. ते माझ्या कोल्हापुरी चपलांवर आलं. बायकोने त्या गाडीत घेऊ दिल्या नाहीत.