१०९८ वर उरलेलं जेवण नेत नाहीत

लग्नसराई आली की गावातल्या ग्रुपांवर तोच मेसेज फिरतो : "कार्यात जेवण उरलं तर १०९८ ला फोन करा, माणसं येऊन नेतात आणि गरीब मुलांना वाटतात." या आठवड्यात तो पुन्हा आलाय. हे खरं नाही.

१०९८ हा संकटातल्या मुलांसाठीचा मोफत, चोवीस तास चालणारा नंबर. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली चाइल्डलाइन ती हीच. हरवलेलं पोर, मारहाण, बालमजुरी, कुठे ठरलेला बालविवाह, अशा वेळी तिथे फोन करायचा. मूल स्वतःसुद्धा करू शकतं. अन्न गोळा करणं हे त्यांचं काम नाही, आणि त्यांनी ते पूर्वीच जाहीर केलंय. आपण मसालेभातासाठी फोन लावतो तेव्हा एखाद्या घाबरलेल्या मुलाचा फोन ताटकळू शकतो. म्हणून इतक्या कळकळीने लिहितोय.

मेसेज पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. अन्न वाया जाऊ नये असं आम्हालाही वाटतं, म्हणून तर आमची गावातली पोरं उरलेलं जेवण न्यायला टेम्पो घेऊन धावतात. फक्त आम्हाला वेळेत कळवा. परवा दुपारच्या पंगतीचा निरोप रात्री साडेअकराला आला. झाकण काढलं तर भाजीवर फेस आणि वरणाला आंबूस वास. सगळं टाकावं लागलं. शेवटची पंगत बसतानाच सांगितलं असतं, तर तेच जेवण वसतिगृहातल्या मुलांनी गरम गरम खाल्लं असतं. ताटातलं नको, पातेल्यातलं झाकलेलंच द्या.

तो मेसेज दिसला की त्याखाली हा खुलासा टाका. १०९८ मात्र फोनमध्ये जरूर ठेवा, मुलांसाठी.