घर पोराच्या नावावर करायची एवढी घाई कशाला?

स्पष्टच लिहिते, कुणाला लागलं तर लागू दे. साठी ओलांडली की घर पोराच्या नावावर करून मोकळं व्हायचं, ही आपल्याकडची रीत मला मुळीच पटत नाही. राहतं घर मुलाला बक्षीसपत्रानं, म्हणजे जिवंतपणीच फुकट लिहून द्यायला मुद्रांक शुल्क २०० रुपये, वर स्थानिक अधिभार. स्वस्तात होतंय म्हणून उरकून टाकतात. पुढची वीस वर्षं औषधपाणी कशातून करायचं, ते कुणी बघत नाही.

आमच्या सांगलीच्या विश्रामबागेत साखर कारखान्यातून रिटायर झालेले एक काका आहेत. ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफवाल्या नोकरदारांच्या योजनेतली पेन्शन दोन हजारांच्या आत. (किमान पेन्शन १,००० ठरली २०१४ साली. तेव्हाचा गॅस सिलिंडर आठवा आणि गप्प बसा.) काकूंना अर्धांगवायू झाला. मिरजेतला दवाखाना कार्डावर निभावला. सत्तरीपुढच्यांना २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण ते दवाखान्यातल्या उपचारांपुरतेच. घरी आणल्यावर कूस बदलायला, डायपर बदलायला, चमच्यानं पेज भरवायला येणारी मावशी कुठल्या कार्डात बसते? काकांच्या अख्ख्या पेन्शनीत तिचा आठवडासुद्धा निघत नाही.

पण घर काकांच्याच नावावर होतं. त्यांनी वरचा मजला नर्सिंग शिकणाऱ्या पोरींना भाड्यानं दिला आणि त्यातून मावशीचा पगार सुरू केला. पुण्याचा मुलगा रुसला. म्हणे, भाडेकरू घराची वाट लावतील. लावू देत की! बांधलं कुणी?

आणि गंमत बघा, अशा वेळी धावून येते तासगावला दिलेली लेक, आणि हक्कसोडपत्रावर सही मागायची तीही तिच्याचकडं.

कायदा आहे ना, असं म्हणणारे भेटतातच. आहे, आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या सांभाळाचा, २००७ चा. प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करून पोटगी मागता येते, महिना जास्तीत जास्त १०,०००. कलम २३ खाली बक्षीसपत्रही रद्द होतं, पण सांभाळायच्या अटीवर दिलं असेल तर. ही अट कागदात हवी, असं सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये म्हटलं, २०२५ मध्ये जरा सैल धोरण घेतलं. एवढं सगळं ठीक, पण अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पोटच्या पोराविरुद्ध प्रांत ऑफिसच्या पायऱ्या कोण चढणार? त्यापेक्षा मृत्युपत्र करा. त्याला स्टॅम्प ड्युटी नाही आणि मन बदललं तर तेही बदलता येतं.

पोरं वाईट असतात असं म्हणत नाही मी. हप्ते, शाळेच्या फिया, त्यांचीही ओढाताण असते. म्हणूनच दर महिन्याला त्यांच्यापुढं हात पसरायची वेळ येऊ नये.

काकांचा मुलगा ही पोस्ट वाचणार, माहीत आहे मला. राग आला तर खुशाल फोन कर, बाळा. फक्त दिवाळीत मावशी चार दिवस गावी जातेय, तेव्हा कोण येतंय ते आधी सांग.