आई गुप्तहेर आहे

‘दमँ तू कोमाँस’ हा २०१६ चा फ्रेंच सिनेमा काल रात्री तिसऱ्यांदा पाहिला. पुढे शेवट सांगणार आहे, त्यामुळे पाहायचा असेल त्यांनी आधी पाहून या.

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर मजेत जगणारा सॅम्युएल. एक दिवस क्रिस्टिन येते, काही महिन्यांची मुलगी त्याच्या हातात देते आणि टॅक्सीत बसून निघून जाते. तिला शोधत तो लंडनला पोचतो. ती सापडत नाही, बापलेक तिथेच राहतात, बर्नी नावाचा टीव्ही निर्माता त्याला स्टंटमनचं काम देतो. आठ वर्षं जातात. घर म्हणजे नुसती जत्रा. सॅम्युएल झालेला ओमार सी हसला की आपणही हसतोच, त्यामुळे तो सगळा पसारा हवाहवासा वाटतो.

मी मात्र दरवेळी एकाच गोष्टीपाशी अडकते. इतकी वर्षं लंडनमध्ये काढूनही सॅम्युएलला इंग्रजी येत नाही. मुलगी ग्लोरिया हीच त्याची दुभाषी. बापाचं लोकांना सांगायचं, लोकांचं बापाला सांगायचं, आणि हे करता करता बापालाच सांभाळायचं. एकट्या बापाचं मूल असं लवकर मोठं होतं. मी झाले.

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. बाबांनी सांगितलं, आई उपचारांसाठी मुंबईला गेली आहे. दिवाळीत ‘आईने पाठवलेला’ निळा फ्रॉक आला. खोक्यावर आमच्या बार्शीतल्याच दुकानाचं नाव होतं आणि मला तोवर वाचता येत होतं. मी काही बोलले नाही. बाबा रडतील अशी भीती वाटली.

सॅम्युएलही हेच करतो. आईच्या नावाने तो मुलीला ईमेल लिहितो. आई गुप्तहेर आहे, मोहिमांवर असते. सिनेमा याला निखळ प्रेम म्हणतो. प्रेम आहेच, ते मी कशी नाकारेन? पण त्या खोट्याचं ओझं मूल वाहतं, आणि दिग्दर्शक युगो जेलँ तिथे थांबतच नाही.

दुसरी तक्रार क्रिस्टिनबद्दल. ती परत येते, मुलीच्या ताब्यासाठी कोर्टात जाते, सॅम्युएल जन्मदाता नसल्याचं निघतं, आणि शेवटी ग्लोरियाचा मृत्यू. (२०१३ च्या ज्या मेक्सिकन सिनेमावरून हा घेतला, त्यातही मुलगी जातेच.) क्लेमांस पोएझीसारखी अभिनेत्री असूनही क्रिस्टिन त्या दिवशी का गेली हे तिला नीट सांगू दिलेलं नाही. फ्रान्समध्ये २०२० च्या सुमारास मुलं असलेल्या दर चार कुटुंबांतलं एक एकट्या पालकाचं होतं, आणि त्यांतल्या ८० टक्क्यांहून जास्त घरांत तो पालक म्हणजे आई. अशा एखाद्या आईच्या घरी असाच पसारा असता आणि मुलीला रोज शाळेला उशीर झाला असता, तर आपण इतकं कौतुकाने पाहिलं असतं? आमच्या गल्लीत बाबांना सगळे म्हणायचे, ‘किती करतो बिचारा.’ चार घरं सोडून एक काकू ब्लाउज शिवून दोन मुलं एकटीने वाढवत होत्या. त्यांच्याबद्दल असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

काल सिनेमा संपल्यावर बाबांना फोन केला. म्हटलं, तो निळा फ्रॉक तुम्हीच आणला होता, मला तेव्हाच कळलं होतं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘मापाला मोठा झाला होता ना गं?’